पीपीटीत एवढी चित्रं दाखवूनही मुलांना प्रॅक्टिकलला स्लाइड का ओळखता येत नाही?

तुम्ही लिहिलंय की एफ.वाय.च्या बॉटनीला सूर्यफुलाच्या खोडाचा टी.एस. (आडवा छेद) लेबलांसकट पीपीटीत दाखवता, पण मायक्रोस्कोपखाली तीच स्लाइड लावली की मुलं गडबडतात. माझ्या मते चित्रं कमी पडत नाहीत, लेबलं फार लवकर येतात. नाव समोर दिसलं की मुलं 'झायलेम' (पाणी वाहून नेणारा भाग) एवढा शब्द उतरवून घेतात. बाण नेमका कुठे टेकलाय ते बघतच नाहीत.

म्हणून सुरुवातीला नुसता फोटो दाखवा, पडदाभर, शीर्षकाशिवाय. दोन मिनिटं तुम्हीही गप्प बसा (हेच सगळ्यात जड जातं). मग विचारा: बंडल (झायलेम आणि अन्न वाहून नेणारं फ्लोएम यांच्या जुड्या) एका वर्तुळात आहेत की विखुरलेले? एका बंडलमधल्या जाड भिंतींच्या मोठ्या पोकळ्या भेंडाकडे (खोडाच्या मधल्या गाभ्याकडे) आहेत की बाहेरच्या बाजूला? उत्तरं वहीत लिहून झाली की बाहेरून आत जात एकेक लेबल आणा: एपिडर्मिस, कोलेन्कायमा, कॉर्टेक्स, बंडलवरची स्क्लेरेन्कायमाची (जाड भिंतींच्या पेशींची) टोपी, फ्लोएम, कॅम्बियम, झायलेम, भेंड. लेबल त्या भागाला खेटून हवं. चित्रावर १ ते ८ आकडे आणि खाली यादी दिली, तर निम्मा वेळ नजर वर-खाली करण्यात जातो.

शेजारी रेखाकृती द्यायची तर तिची दिशा फोटोसारखीच ठेवा. पुस्तकात बहुतेक वेळा एकच फाक काढलेली असते आणि फोटोत अख्खं खोड, त्यामुळे मेळ बसत नाही. आधी फोटोवर ती फाक आखून दाखवा.

रंगाच्या भरवशावर मात्र शिकवू नका. सॅफ्रॅनिन आणि फास्ट ग्रीनने रंगवलेल्या स्लाइडमध्ये लिग्निन (पेशीभिंत कडक करणारं द्रव्य) असलेला भाग लाल दिसतो. 'लाल म्हणजे झायलेम' असं पाठ केलेला मुलगा बंडलवरची टोपीही झायलेम म्हणून दाखवतो, कारण तीही लालच असते. लाल-हिरव्यातला फरक न कळणारं एखादं मूल वर्गात असू शकतं, आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तर दोन्ही रंग करडेच येतात. तेव्हा भिंत जाड की पातळ, जागा कुठली, पेशींचा आकार कसा, हे विचारा. वाटायच्या कागदावर फोटोऐवजी रेखाकृतीच द्या.

फोटोखालचं '४००×' (किती पट मोठं केलंय तो आकडा) काढून टाका. पडद्यावर चित्र मोठं झालं की तो आकडा खोटा ठरतो. चित्रातच १०० मायक्रॉनची स्केलरेघ असेल तर ती चित्राबरोबर वाढते आणि खरीच राहते.

सर्चमधली लघुप्रतिमा कॉपी केली की मागच्या बाकाला नुसते ठिपके दिसतात. मूळ फाइल उघडून डाउनलोड करा. जुन्या १०२४×७६८ प्रोजेक्टरला निदान तेवढ्या पिक्सेलची तरी हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबलं जातं. वर्गात शिकवताना चित्र वापरायला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये शिक्षकांना सूट आहे. तोच तास यूट्यूबवर टाकणार असाल तर ती सूट गृहीत धरू नका. विकिमीडिया कॉमन्सवरचं चित्र घ्या आणि त्या पानावर सांगितल्याप्रमाणे कर्त्याचं नाव व परवाना चित्राखाली लिहा.

पुढच्या तासाला तेच बंडल उलटं करून लेबलांशिवाय दाखवा, आणि सोबत मक्याच्या खोडाची स्लाइड. 'वर फ्लोएम, खाली झायलेम' एवढंच घोकलेली मुलं तिथे लगेच सापडतात. प्रॅक्टिकलच्या परीक्षेपर्यंत थांबावं लागत नाही.