आधी ६० दिवस मोजा

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून असं दिसतं: भाच्यावर कॅलिफोर्नियात खुनाचा आरोप होता, लुटीच्या वेळी तो गाडीत बसून होता, गोळी दुसऱ्याने झाडली. २०१४ मध्ये त्याने मॅन्स्लॉटरची (खुनापेक्षा हलका मनुष्यवधाचा गुन्हा) प्ली घेतली, म्हणजे तडजोडीत गुन्हा कबूल केला. आता तिथल्या दंडसंहितेच्या कलम ११७२.६ खालची रिसेंटेन्सिंगची पिटिशन (स्वतः मारेकरी नसलेल्यांना शिक्षा नव्याने ठरवून मागता येते, तो अर्ज) कोर्टाने फेटाळली आणि पुन्हा पिटिशन करावी की अपील, असं तुम्ही विचारताय.

अपील. आणि ते आजच. आदेशाच्या तारखेपासून ६० दिवसांत नोटिस ऑफ अपील (अपील करतोय अशी लेखी सूचना) गेली पाहिजे, तीही ज्या कोर्टाने नकार दिला त्याच सुपीरियर कोर्टात. मुदत हुकली तर ती परत मिळवणं महा जिकिरीचं. भाचा तुरुंगातून पाठवणार असेल तर मुदतीच्या आत पाकीट तिथल्या कर्मचाऱ्याच्या हातात दिलं की चालतं, म्हणून लीगल मेलच्या (तुरुंगातून जाणाऱ्या कोर्टाच्या टपालाच्या) नोंदीची प्रत मागून ठेवायला सांगा. 'प्ली घेतली म्हणजे सर्टिफिकेट ऑफ प्रॉबेबल कॉज (अपिलाला आधार आहे असा कोर्टाचा दाखला) लागतं' हे ऐकून बरेच जण थबकतात. इथे ते लागत नाही, कारण अपील प्लीविरुद्ध नाही, नंतरच्या आदेशाविरुद्ध आहे. वकील परवडत नसेल तर अपील कोर्ट नेमून देतं.

आता आदेश हातात घ्या आणि नकार कोणत्या टप्प्यावर आला ते बघा. सुनावणीत पुरावे घेऊन आला असेल, तर वरचं कोर्ट मुख्यतः पुरेसा पुरावा होता का ते पाहतं; तिथे जिंकणं अवघड. प्राथमिक छाननीतच उडवला असेल, तर ते सगळं नव्याने तपासतं. जीव आहे तो इथे.

मॅन्स्लॉटरवाल्यांना हा दरवाजा १ जानेवारी २०२२ पासून उघडला, एसबी ७७५ या कायद्यामुळे. छाननीत जज पुराव्याचं वजन करत बसू शकत नाही, हे २०२१ च्या लुईस निकालात स्पष्ट आहे. पण २०२५ च्या पॅटन निकालाने पेच वाढवला: प्रिलिमच्या (खटल्याआधीच्या प्राथमिक सुनावणीच्या) ट्रान्स्क्रिप्टमध्ये अर्जदारच मारेकरी असल्याचं स्पष्ट दिसत असेल, तर अर्जातले नुसते ठोकळेबाज चौकोन टिक करून भागत नाही, ठोस हकिगत मांडावी लागते. मी बरीच वर्षं अपिलाच्या फायली लावायचं काम केलं (वकील नाही बरं का), आणि सगळ्यात आधी प्ली फॉर्मवरची 'फॅक्च्युअल बेसिस'ची (कबुलीला कशाचा आधार आहे ती) ओळ उघडायचे. तिथे कधी नुसतं 'पोलीस रिपोर्ट' लिहिलेलं असायचं, कधी प्रिलिम. भाच्याने तिथे नेमकं काय मान्य केलंय? 'मी गोळी झाडली' असं कुठेच नसेल, तर वकिलाला धरायला दोर आहे.

एक कडू गोष्टही सांगते. अपील जिंकलं तरी तो सुटत नाही, सुनावणी मिळते. तिथे सरकारी वकिलाने लुटीत त्याचा मोठा वाटा होता आणि माणसाच्या जिवाची त्याला पर्वा नव्हती, हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध केलं तर शिक्षा कायम. गाडीत पिस्तूल आहे हे त्याला माहीत होतं का, हा प्रश्न येणारच.

नंतर अपिलाच्या वकिलाचं 'मला मुद्दा सापडला नाही' असं पत्र आलं, तर ते ड्रॉवरमध्ये टाकू नका. कोर्ट भाच्याला स्वतः लिहायला ३० दिवस देतं. तो गप्प राहिला तर अपील सोडून दिलं असं धरून निकालात काढू शकतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हाताने लिहिलेलं दोन पानीसुद्धा चालतं.