आरोग्य-शंका : टीबी बरा झाला, तरी थुंकीतून रक्त का?

प्रश्न : माझे ५६ वर्षांचे वडील करवीर तालुक्यात गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालण्याचे काम करतात. त्यांनी पूर्वी टीबीचे उपचार पूर्ण केले आहेत. गेले पाच महिने खोकला, वजनात घट आणि अधूनमधून थुंकीतून रक्त, असा त्रास आहे. थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी) तपासणी दोनदा निगेटिव्ह आली. एक्स-रेत मात्र जुन्या पोकळीत गोळा दिसतो. टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू कराव्यात का? घरातील लहान मुलांना धोका आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टीबीचा पुरावा मिळाल्याशिवाय त्या गोळ्या पुन्हा सुरू करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. टीबी बरा झाला तरी त्याने फुफ्फुसात पाडलेली पोकळी राहून जाते आणि ओलसर चिपाडे, कुजकी वैरण, शेणखत यांतून उडणारे अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे आत जाऊन तेथे वाढू शकतात आणि बुरशीचा गोळा होऊ शकतो. तुम्ही लिहिलेली लक्षणे फुफ्फुसातील या बुरशीच्या आजाराशी (क्रॉनिक पल्मनरी अ‍ॅस्परजिलोसिस) जुळतात. तो माणसाकडून माणसाला लागत नाही. तरीही टीबीची शंका पूर्ण फिटावी म्हणून थुंकीचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करून घ्यावे आणि अहवाल येईपर्यंत मुलांना जपावे.

निदानासाठी छातीचा सीटी स्कॅन आणि रक्तातील अ‍ॅस्परजिलस आयजीजी (या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडे) ही तपासणी महत्त्वाची. चिठ्ठीवर आयजीजी लिहिले आहे की आयजीई, हे नीट पाहावे, कारण आयजीई ही मुख्यतः अ‍ॅलर्जीची तपासणी असून तिच्यावरून हा आजार नाकारता येत नाही.

निदान पक्के झाल्यास सहसा इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध किमान सहा महिने द्यावे लागते. त्याची कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यावी; अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांमुळे ती नीट शोषली जात नाही. टीबीवरील रिफाम्पिसिनमुळे तर या औषधाचे रक्तातील प्रमाण इतके घसरते की उपचारच फुकट जातात, म्हणून ‘दोन्ही एकदम देऊन पाहू’ हा मार्ग चुकीचा आहे. यकृताची तपासणी वेळोवेळी करावी. पायांवर सूज, धाप किंवा कावीळ दिसल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे. गोळा एकच असेल आणि फुफ्फुसांची ताकद चांगली असेल, तर शस्त्रक्रियेचाही विचार होतो.

उपचार चालू असताना वडिलांना चिपाडांच्या ढिगापासून दूरचे काम द्यावे. खोकल्यातून अर्धी वाटीभर रक्त पडल्यास मात्र सकाळची वाट न पाहता त्यांना थेट कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.