चित्रातला तो चिनी पाहुणा कोण?

प्रश्न: नमस्कार, लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्याच्या उद्घाटनाचं एक पेंटिंग आहे. मधोमध राणी व्हिक्टोरिया, वर काचेचं छत आणि छताखाली चक्क मोठं झाड. झाड खरंच आत होतं का? आणि उजवीकडे चिनी पोशाखातले गृहस्थ दिसतात ते चीनचे राजदूत का? असं चित्र फोटोसारखं खरं धरायचं का?

उत्तर: ते चित्र हेन्री कोर्टनी सेलू यांचं, आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

झाड अगदी खरं. पार्कातली जुनी एल्म झाडं तोडायला लोकांचा जाम विरोध होता, पार्लमेंटमध्येही आरडाओरडा झाला, मग प्रदर्शनाच्या इमारतीचा आराखडा करणारे जोसेफ पॅक्स्टन यांनी मधला भाग कमानदार आणि १०८ फूट उंच केला आणि झाडं जागेवर ठेवूनच वरून काच चढवली.

आता ते गृहस्थ. राजदूत वगैरे अजिबात नाहीत, चीन सरकारने अधिकृत कोणाला पाठवलंच नव्हतं. त्यांचं नाव 'ही सिंग'. थेम्स नदीत तेव्हा 'कीइंग' नावाचं चिनी जहाज उभं होतं, एक शिलिंग देऊन लोक ते बघायला जायचे, हे त्या जहाजावरचे. १ मेच्या समारंभात ते भारी रेशमी झग्यात अचानक गर्दीतून पुढे आले आणि राणीसमोर लोटांगण घातलं, आणि हे कोण हेच कोणाला ठाऊक नाही! व्यवस्थेत असलेल्या लायन प्लेफेअर यांनी लिहून ठेवलंय की मोठा माणूस असला तर मान राहायला हवा म्हणून मिरवणुकीत त्यांना कँटरबरीचे आर्चबिशप आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या मधे उभं केलं. सेलूंनीही त्यांना थेट परदेशी पाहुण्यांच्या रांगेत रंगवलं. मला तर अख्ख्या चित्रात हाच माणूस सगळ्यात आवडतो, बोलावणं नसताना आला आणि कायमचा राहिला.

फोटोसारखं मात्र धरू नका. समारंभ १८५१ च्या मेमध्ये, चित्र पुरं झालं १८५२ मध्ये, म्हणजे एका क्षणी सगळे असेच उभे होते असं नाही, मांडणी चित्रकाराची आहे, सगळ्या बड्या लोकांचे चेहरे ओळखू यावेत अशी. आणि कोण नाही तेही बघा ना. त्या दिवशी आत फक्त सीझन तिकीटवाले, पुरुषांना ३ गिनी, बायकांना २ (एक गिनी म्हणजे २१ शिलिंग), कामगार माणसाच्या आवाक्यातलंच नाही ते. एक शिलिंगवाले दिवस २६ मेपासून सुरू झाले आणि मग खरी गर्दी लोटली, ऑक्टोबरपर्यंत साठ लाखांवर लोक येऊन गेले. ती गर्दी या चित्रात शोधू नका, ती उद्घाटनाला नव्हतीच.