फिन्सबरी सेंट्रल गेला कुठे?

प्रश्न: दादाभाई नौरोजी लंडनमधल्या ज्या फिन्सबरीतून निवडून आले, ते नकाशावर शोधलं तर फिन्सबरी पार्क दिसतं. तेच का? शिवाय त्यांचं मताधिक्य एका पुस्तकात 3, दुसऱ्यात 5 आहे. – एक वाचक, गिरगाव

उत्तर: ते नव्हे. फिन्सबरी पार्क बरंच उत्तरेला राहिलं. नावामुळे पुष्कळजण तिथेच उतरतात. तुम्हाला हवा तो भाग क्लार्कनवेलचा. फॅरिंग्डन किंवा एंजल स्टेशनवरून चालत गाठता येतो, आणि तिथे एका रस्त्याला नौरोजींचं नावही आहे.

घोळ नावाचाच आहे. 1832 चा फिन्सबरी हा दोन खासदारांचा अवाढव्य मतदारसंघ होता. 1885 च्या फेररचनेत तो फोडून एकेका खासदाराचे मतदारसंघ केले; दादाभाई 1892 मध्ये जिथून निवडून आले तो फिन्सबरी सेंट्रल त्यातला. 1918 मध्ये तो पुन्हा ‘फिन्सबरी’त विलीन झाला, 1950 मध्ये शोअरडिचशी जोडला गेला आणि 1974 पासून हे नाव इस्लिंग्टन साउथ अँड फिन्सबरीत उरलंय. त्यामुळे जुनी आकडेवारी पाहताना आधी साल बघा, मग नाव. नुसत्या ‘फिन्सबरी’खाली 1892 चा निकाल सापडणार नाही.

मताधिक्याचं म्हणाल, तर फेरमोजणी झाल्यामुळे 3 आणि 5 दोन्ही आकडे छापले गेले. समोर हुजूर पक्षाचे कॅप्टन पेंटन होते, तेही मावळते खासदार. 1872 च्या गुप्त मतदानाच्या कायद्याप्रमाणे मतपत्रिकेवर अधिकृत शिक्का नसला, एकाहून जास्त उमेदवारांपुढे खूण असली किंवा मतदार ओळखू येईल असं काही लिहिलेलं असलं, की ती बाद. तीन-चार मतांच्या लढतीत अशी एखादी पत्रिका इकडची तिकडे झाली तरी निकालाचा रंग बदलतो. थट्टेखोरांनी नौरोजी या आडनावाचं ‘नॅरो-मेजॉरिटी’ केलं, ते यावरून. 1886 मध्ये शेजारच्या होल्बर्नमध्ये मात्र ते चांगल्याच फरकानं पडले होते.

प्रश्न: भावनगरीही तिथलेच का? – एक वाचक, दादर

उत्तर: नाही. मुंबईकर मंचरजी भावनगरी हुजूर पक्षातर्फे बेथनल ग्रीन नॉर्थ-ईस्टमधून 1895 मध्ये आले आणि 1906 पर्यंत टिकले. त्याच 1895 च्या निवडणुकीत दादाभाई फिन्सबरी सेंट्रल हरले. दोघांची नावं एका दमात घेतली जातात, पण पक्ष वेगळे आणि भारताच्या प्रश्नावरची भूमिकाही वेगळी.