ऑलिंपिक पदक मिळवलेला रोअर (शर्यतीची बोट वल्हवणारा खेळाडू) पुढे मोठा प्रशिक्षकही झाला, असं उदाहरण आहे का?

आहे, आणि माझ्या फार आवडीचं आहे: न्यूझीलंडचे डिक टॉन्क्स.

१९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कॉक्स (बोटीला दिशा देणारा) नसलेल्या चौघांच्या बोटीत त्यांना रौप्य मिळालं. त्याच ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडच्या आठ जणांच्या बोटीनं सुवर्ण जिंकलं, त्यामुळे आठवण निघते ती त्या आठांचीच. टॉन्क्स यांचं नाव झालं ते प्रशिक्षक म्हणून. सिडनीत २००० साली न्यूझीलंडला एकच सुवर्ण मिळालं, ते त्यांचा शिष्य रॉब वॉडेल याचं. पुढे एव्हर्स-स्विंडेल या जुळ्या बहिणींनी डबल स्कल्समध्ये (दोघांची बोट, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही) २००४ आणि २००८ अशी लागोपाठ दोन सुवर्णं घेतली. बीजिंगला तर त्या जर्मन जोडीपुढे फक्त ०.०१ सेकंदानं होत्या. दोन हजार मीटर जीव तोडून वल्हवायचं आणि फरक इतका!

टॉन्क्स यांची पद्धत साधी होती. न्यूझीलंडमधल्या कारापिरो तलावावर रोज भरपूर किलोमीटर मारायचे. बोलणं मात्र अगदी मोजकं. त्याची किंमत मला कळते, कारण कॉलेजात असताना पुण्यात मुळा-मुठेवर मी चार वर्षं रोइंग केलं आहे. रोअर पाठमोरा पुढे जात असतो, त्यामुळे मागून येणारी कोचची मोटरबोट सतत डोळ्यांसमोर असते. तिथून प्रत्येक स्ट्रोकला ओरडा सुरू झाला की मनगट आखडतं, वल्हं पाण्यात अडकतं आणि मूठ थेट पोटात बसते. गप्प राहून बघणारा कोच मिळणं हे भाग्यच.

२०१५मध्ये टॉन्क्स यांचं न्यूझीलंडच्या रोइंग संघटनेशी बिनसलं. खासगीत चिनी खेळाडूंना शिकवण्यावरून वाद झाला आणि ते बाहेर पडले. सिंगल स्कल्स म्हणजे एकट्यानं बोट वल्हवण्याच्या शर्यतीतला न्यूझीलंडचा खेळाडू माहे ड्रायस्डेल मात्र त्यांच्याकडेच राहिला. माझ्या मते हीच त्यांना मिळालेली सर्वांत मोठी पावती.

२०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मी सिंगल स्कल्स पाहत होतो ते आपल्या दत्तू भोकनळसाठी. चांदवड तालुक्यातला, लष्करात गेल्यावर वल्हं धरायला शिकलेला हा गडी तेरावा आला. अंतिम शर्यतीत ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन, दोघांचीही वेळ ६:४१.३४. फोटो बघून निकाल लागला. बोटीचं टोक जेमतेम पुढे होतं, ते ड्रायस्डेलचं.