वरच्या रस्त्यावर कोण कोण राहून गेलं?

प्रश्न : आम्ही साताऱ्यात नवीन आहोत, सगळे "वरच्या रस्त्याने जा" म्हणतात, तो राजपथच का? आणि तिथं पूर्वी कोण राहायचं?

उत्तर : हो, तोच. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जाणारा राजपथ म्हणजे वरचा रस्ता, आणि कर्मवीर पथ तो खालचा. राजवाड्यात छत्रपती प्रतापसिंह महाराज राहायचे, पण १८३९ साली इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं, तिथंच १८४७ ला गेले, परत साताऱ्याचं तोंड बघायला मिळालं नाही. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी पार लंडनला जाऊन वर्षानुवर्षं झगडले, हे साताऱ्यातल्या प्रत्येक पोराला माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पुढं त्याच जुन्या राजवाड्यात शाळा भरायला लागली, आणि ७ नोव्हेंबर १९०० ला तिथं एका पोराचं नाव घातलं गेलं, रजिस्टरला 'भिवा', तेच आपले बाबासाहेब आंबेडकर! म्हणून तर ७ नोव्हेंबरला राज्यात विद्यार्थी दिवस असतो. मोती चौकात कंदी पेढे घ्यायला जाल तेव्हा चार पावलं पुढं जाऊन वाड्यासमोर थोडं थांबा, लाकडी खांब, कोरीव काम नीट बघा.