मार्चमधलं व्हॅलेन्सिया

प्रश्न : ताई, लेक स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला शिकते. १० मार्चला आम्ही दोघं पंधरा दिवसांसाठी निघतोय. तिचं कॉलेज चालू असेल, दिवसभर आम्हीच. भाषा येत नाही. काय पाहावं, याची यादी द्याल?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तारखा वाचून हेवाच वाटला. तुम्ही नेमके 'फायास' या तिथल्या उत्सवात पोचताय! १५ ते १९ मार्च तिथे सगळं गाव रस्त्यावर असतं, वाहनांना कितीतरी रस्ते बंद. म्हणून यादी देत नाही. रंगपंचमीला तिवंधा चौकात गर्दीच आपल्याला रहाडीपाशी, त्या रंगाच्या हौदापाशी नेते ना, तसं जाऊ द्या स्वतःला.

मी निघाले होते ला लोन्खा ही रेशीमबाजाराची जुनी इमारत शोधत आणि एका बँडमागोमाग भलत्याच गल्लीत शिरले. समोर तिसऱ्या मजल्याएवढा रंगीत देखावा, पुढाऱ्यांची थट्टा करणारा. शेजारी रेशमी घागऱ्यातल्या मुली. येवल्याची पैठणी उलटून पाहायची आमची सवय. मी नुसती खूण केली, तर एकीने हसत घागऱ्याची कड उलटून विणीची मागची बाजू दाखवली. भाषा कुठे लागली?

दुपारी २ ला मात्र नगरपालिका चौकात हजर राहा, तासभर आधी. १ ते १९ मार्च रोज तिथे 'मास्क्लेता' असते : भर उन्हात फटाके, उजेडासाठी नव्हे, आवाजाच्या तालासाठी. पाच-सात मिनिटंच, पण छातीत दणका बसतो. तोंड उघडं ठेवा, कानाला त्रास कमी होतो. हृदयविकार असेल तर दोन गल्ल्या मागेच थांबा.

१७-१८ ला व्हर्जिन चौकात मेरीमातेच्या उंच लाकडी सांगाड्यावर बायकांनी आणलेले गुच्छ रचून तिचा झगा करतात. तो पाहाच.

आणि १९ ची रात्र. सुतारांचा संत जोसेफ, त्याचा तो दिवस. शेकडो देखावे पेटवतात. देखाव्यांतली लोकांच्या मतांनी वाचलेली बाहुली तेवढी संग्रहालयात जाते. मला होळीपेक्षा विसर्जनच आठवलं. अग्निशमन दलाचे जवान समोरच्या घरांवर पाणी मारत होते, भिंतींतून वाफा निघत होत्या आणि घागऱ्यातली एक मुलगी आईच्या खांद्यावर हुंदके देत होती. वर्षभर वर्गणी काढून उभं केलेलं तासाभरात गेलं. माझेही डोळे भरून आले.

भूक लागली की कोपऱ्यावर भोपळ्याचे गरम 'बुन्युएलोस' मिळतात, दाट चॉकलेटसोबत. आपल्या घारग्यांची आठवण होईल. १९ ला तिथे सुट्टी असते, लेकीलाही बरोबर घ्या.